बारावी केमिस्ट्री: पाच जण मिळून अभ्यास करून राहिलो, पण गाडी लॉग टेबलवर अडते

मोलॅरिटी

नमस्कार मंडळी. बारावी सायन्स, स्टेट बोर्ड, नागपूर. आम्ही पाच जण दिवाळीपासून रोज संध्याकाळी सहा ते साडेआठ आमच्या नंदनवनच्या घरी गच्चीवरच्या खोलीत बसतो. दोघी सक्करदऱ्याहून येतात, एक जण महालातून, एक जण मानेवाड्याला खोली करून राहतो. फिजिक्स, मॅथ्स ज्याचं त्याचं चाललंय. केमिस्ट्री मिळून करायची ठरली, कारण पाचही जणांची तीच कच्ची आहे.

पुस्तकात सोळा धडे. वाटलं, वाटून घेऊ. प्रत्येकाला तीन, मला एक जास्तीचा. ज्याने त्याने आपल्या धड्यांच्या नोट्स काढायच्या, फोटो ग्रुपवर टाकायचे, बाकीच्यांनी वाचायचे. नोट्स सुंदर झाल्या, तीन-तीन रंगांच्या पेनांनी काढलेल्या. प्रिलिममध्ये मात्र प्रत्येकाला आपापल्याच धड्यांचं आलं. माझं सोल्युशन्स आणि इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचं जवळपास सगळं बरोबर, अमाइन्सचा प्रश्न कोरा. अमाइन्सचे फोटो माझ्या मोबाइलमध्ये होते आणि मी ते दोनदा वाचलेही होते.

दुसरी अडचण गणितांची. सूत्र येतं, किमती बरोबर भरतो, शेवटी लॉग टेबल उघडलं की पाच जणांची पाच उत्तरं. कॅल्क्युलेटर बोर्डात चालत नाही आणि अकरावीत आम्ही सगळे कॅल्क्युलेटरवरच वाढलो.

तिसरी गोष्ट मला जास्त लागून राहिली आहे. मानेवाड्याला राहणारा मित्र मूळचा मनसरचा, दहावीपर्यंत मराठी माध्यमातला. तो गटात एक शब्द बोलत नाही. समजलं का विचारलं की मान हलवतो. प्रिलिमला आमच्यात सगळ्यात कमी त्याला पडले आणि त्यानंतर दोन दिवस तो आलाच नाही. तो गटातून गळायला नको आहे.

जानेवारी लागला. आधी प्रॅक्टिकल, मग लेखी. या दिवसांत गटाने नेमकं कसं बसावं, सांगा.

निवृत्त खडू

बेटा, ज्युनिअर कॉलेजात २९ वर्षं हाच विषय शिकवला, म्हणून हक्काने लिहितो.

वाचन वाटून घेता येत नाही. दुसऱ्याने जेवून आपलं पोट भरत नाही, तसंच हे. वाटून घ्यायचं असेल तर समजावून सांगणं वाटून घ्या. उद्याचा धडा पाचही जणांनी घरून वाचून यायचं. सांगणार कोण, ते आल्यावर चिठ्ठी काढून ठरवायचं. चिठ्ठी आधी काढलीत तर चार जण निर्धास्त होतात. सांगणाऱ्याने पुस्तक मिटायचं, पेन हातात घ्यायचं आणि बाकीच्यांनी दर दोन वाक्यांनी 'का' विचारायचं.

'का' म्हणजे कसं, ते दाखवतो. धडा ट्रान्झिशन एलिमेंट्सचा. सांगणारा म्हणतो, झिंकची संयुगं पांढरी असतात. का? झिंकचं डी-ऑर्बिटल दहा इलेक्ट्रॉनांनी पूर्ण भरलेलं, तिथे इलेक्ट्रॉनला वर उडी मारायला जागा नाही. बरं, स्कँडियमचा अधिक तीनचा आयन रंगहीन का? तिथे डी-ऑर्बिटल पूर्ण रिकामं, उडी मारायला इलेक्ट्रॉनच नाही. इथपर्यंत सगळे येतात. आता पुढचा 'का': पोटॅशियम परमँगनेटमध्ये मँगनीज अधिक सातवर असतो, म्हणजे त्याचंही डी रिकामंच. मग ते इतकं गडद जांभळं काहून? याचं उत्तर मी इथे देत नाही. गच्चीवर बसून शोधा.

पेपरबद्दल एक. लेखी ७० गुणांचं, तीन तास. दोन गुणांचे बारापैकी आठ सोडवायचे, तीन गुणांचे बारापैकी आठ, चार गुणांचे पाचपैकी तीन. एवढे पर्याय दिसले की पोरं सरळ धडेच सोडून देतात. पण पहिल्या विभागात एक-एक गुणाचे अठरा प्रश्न असतात, दहा बहुपर्यायी आणि आठ एका वाक्याचे. त्यांना पर्याय नाही आणि ते कोणत्याही धड्यातून येतात. पॉलिमर आणि ग्रीन केमिस्ट्री सोडून देणाऱ्यांचे गुण मी तिथे गळताना पाहिले आहेत.

लॉगचं रात्री सविस्तर लिहितो, ते दोन ओळींत होण्यासारखं नाही.

बारावीची आई

माझीही मुलगी यंदा बारावीलाच आहे, आम्ही प्रतापनगरला राहतो. एक सुचवते. साडेआठला उठता ते ठीक, पण जानेवारीत गच्चीवर थंडी झोंबते, खाली हॉलमध्ये बसा. पेपरच्या तोंडावर सर्दी-ताप झाला की आठवडा जातो. आणि मोबाइल एका टोपलीत ठेवून टोपली आईच्या हवाली करा. आमच्याकडे तेवढ्याने फरक पडला. मुलीने स्वतःच सांगितलं की फोटो बघितले की अभ्यास झाल्यासारखं वाटतं आणि डोक्यात काही राहत नाही. तुझ्या अमाइन्सचं वाचून तेच आठवलं.

त्या मित्राला त्याच्या घरचं कोणी इथे आहे का? एखादा रविवार जेवायला बोलवा. उपाशीपोटी कोणाला काही सुचत नाही.

अमरावती रोडची

मी लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटची जुनी विद्यार्थिनी. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी विद्यापीठाला दिलेल्या संपत्तीतून १९४२ साली सुरू झालेली संस्था. रसायनं हाताळायची आवड असलेल्या विदर्भातल्या कितीतरी पोरापोरींना तिने वाट दाखवली, मला धरून. बारावीला माझाही गट होता, फक्त तिघींचा. ऑरगॅनिकवर बोलते.

नेम्ड रिअ‍ॅक्शन्स यादी करून पाठ करू नका. आम्ही एक कोरा कागद मध्ये ठेवायचो. पहिलीने वर लिहायचं: बेंझोइक अ‍ॅसिड. दुसरीने बाण काढून त्यापासून काहीही बनवायचं, बाणावर रिएजंट आणि कंडिशन लिहायची. तिसरीने तिथून पुढे. कागद भरेपर्यंत थांबायचं नाही. अडलं त्याने त्या रिअ‍ॅक्शनवर गोल करायचा आणि घरी जाऊन तेवढंच पाच वेळा लिहायचं. एका संध्याकाळी बेंझोइक अ‍ॅसिडचं अ‍ॅसिड क्लोराइड, त्याचं रोझेनमुंडने बेंझाल्डिहाइड, त्याचं कॅनिझारोने बेंझिल अल्कोहोल आणि सोडियम बेंझोएट, आणि बेंझोएटला अ‍ॅसिड घातलं की परत बेंझोइक अ‍ॅसिड, असा पूर्ण फेरा झाला होता. तो कागद मी कितीतरी दिवस जपून ठेवला होता.

बाणावर काय लिहिता त्याला गुण असतात. रोझेनमुंडमध्ये नुसतं 'हायड्रोजन, पॅलेडियम' लिहून भागत नाही, बेरियम सल्फेट लिहायलाच हवं. का, ते कळलं की विसरत नाही. बेरियम सल्फेटवर बसवलेलं पॅलेडियम जरा मंदावतं, म्हणून गाडी अल्डिहाइडपाशी थांबते. नाहीतर ती थेट अल्कोहोलपर्यंत जाते.

सँडमायर आणि गाटरमान यांची गल्लत दरवर्षी होते. दोन्ही डायझोनियम सॉल्टपासून. सँडमायरला क्युप्रस क्लोराइड किंवा ब्रोमाइड, गाटरमानला तांब्याची पूड. एवढाच फरक, पण तोच विचारतात. कॅनिझारो कोणाला लागू आणि आल्डॉल कोणाला, तेही एका वाक्यात सांगता यायला हवं: अल्फा हायड्रोजन (अल्डिहाइड गटाला लागून असलेल्या कार्बनवरचा) नसेल तर कॅनिझारो, असेल तर आल्डॉल.

निवृत्त खडू

आता लॉग.

पीएच २.४ आहे, हायड्रोजन आयनांची संहती काढा. पीएच म्हणजे संहतीचा उणे लॉग, म्हणून लॉग उणे २.४. इथे निम्मा वर्ग टेबलात .४ चा अँटिलॉग बघतो, २.५१२ येतं आणि उत्तर लिहितो २.५१२ गुणिले दहाचा उणे दोनवा घात. चूक. टेबलात दशांशाचा भाग नेहमी धन असतो, उणे .४ तिथे नाहीच. म्हणून उणे २.४ मधून एक वजा करा आणि एक मिळवा. उणे तीन अधिक .६ झालं. कागदावर तीनच्या डोक्यावर रेघ आणि पुढे .६, वाचायचं 'तीन बार पॉइंट सहा'. आता .६ चा अँटिलॉग ३.९८१. उत्तर ३.९८१ गुणिले दहाचा उणे तीनवा घात.

टेबल न उघडताही चूक पकडता येते. पीएच २ आणि ३ च्या मध्ये असेल तर संहती ०.०१ आणि ०.००१ च्या मध्ये असलीच पाहिजे. पहिलं उत्तर ०.०२५ येतं, ते या घरातच बसत नाही. प्रत्येक गणित सुटल्यावर अर्धा मिनिट थांबून उत्तराकडे माणसाकडे बघावं तसं बघा. ते शक्य आहे का, एवढंच विचारा. या एका सवयीने जितके गुण वाचतात तितके दुसऱ्या कशाने वाचताना मी पाहिले नाहीत.

रोज दहा लॉग, दहा अँटिलॉग. बसल्याबरोबर, गप्पांच्या आधी.

चिमूरकर

त्या मनसरच्या मित्रासाठी लिहितो. मीही दहावीपर्यंत मराठी माध्यमातला, अकरावीला नागपूरला आलो. पहिले तीन महिने मला वर्गात काय चाललंय ते कळत नव्हतं आणि विचारायची हिंमत नव्हती. कोणीतरी 'रिडक्शन' म्हणायचं, मला वाटायचं काहीतरी कमी होतंय. ते आपलं क्षपण आहे हे कळायला आठवडा लागला. कॅटलिस्ट म्हणजे उत्प्रेरक, बेस म्हणजे आम्लारी, सॉल्व्हंट म्हणजे द्रावक. हे सगळं मला दहावीला येत होतं! फक्त नाव बदललं होतं.

मी वहीच्या शेवटच्या चार पानांवर दोन रकाने केले. डावीकडे दहावीचा शब्द, उजवीकडे बारावीचा. दोनशेच्या आसपास शब्द झाले असतील. त्यानंतर धडे उघडले. भाऊ वाचत असशील तर सांगतो, तुला केमिस्ट्री येत नाही असं नाही. तुला ती एका भाषेत येते.

बाकी चौघांनी एक करावं. त्याला मराठीत सांगू द्या. लिहिताना इंग्रजीत लिहील तो. 'काही अडलं का' असं सगळ्यांसमोर विचारू नका, त्याने मान हलणारच. 'मला हे सांग' म्हणा.

ब्युरेट

मी कॉलेजच्या लॅबमध्ये काम करतो, प्रॅक्टिकलच्या ३० गुणांकडे कोणी बघत नाही म्हणून लिहायला आलो.

टायट्रेशनला परमँगनेट ब्युरेटमध्ये. ते इतकं गडद असतं की खालची कड दिसत नाही, रीडिंग वरच्या कडेचं घ्यायचं. दरवर्षी पोरं डोळे बारीक करून खालची कड शोधत बसतात. ऑक्झॅलिक अ‍ॅसिड असेल तर फ्लास्क ६० ते ७० अंशांपर्यंत गरम करायचा, मोहर सॉल्ट असेल तर गरम करायचा नाही, फेरस आयन हवेनेच ऑक्सिडाइज होतो. अ‍ॅसिड फक्त सल्फ्युरिक. हायड्रोक्लोरिक घातलं तर परमँगनेट त्यातल्या क्लोराइडवरच खर्च होतं.

ऑक्झॅलिकच्या टायट्रेशनमध्ये एक बघा. पहिले काही थेंब पडतात, गुलाबी रंग जायला वेळ लागतो. मग एकदम रंग झटपट जायला लागतो. घाबरू नका, काही बिघडलेलं नाही. रिअ‍ॅक्शनमधून तयार होणारा मँगनीजचा अधिक दोनचा आयनच तिला पुढे ढकलतो. तोंडी परीक्षेत हे विचारतात. 'ऑटोकॅटलिसिस' म्हणा, आणि डोळ्यांनी पाहिलं असेल तर तसं सांगा.

नायट्रेटच्या ब्राउन रिंगला टेस्टट्यूब हलवू नका. सल्फ्युरिक कडेकडेने सोडायचं आणि हात स्थिर. रिंग दोन थरांच्या मध्ये येते, हलवली की गेली.

मोलॅरिटी

सर, ताई, काकू, सगळ्यांचे आभार. काकू, खालच्या हॉलमध्ये आलो आम्ही. आई टोपली घेऊन दारातच उभी असते.

चार दिवस चिठ्ठी काढून बसतोय. पहिल्या दिवशी माझी निघाली, सॉलिड स्टेट. मला वाटत होतं येतं. पुस्तक मिटल्यावर बीसीसीमध्ये (घनाच्या कोपऱ्यांवर आणि मधोमध अणू असलेली रचना) घनाची कड आणि अणूच्या त्रिज्येचा संबंध काढताना कर्ण कोणता घ्यायचा तिथेच अडले. महालवाल्याने विचारलं, "अणू कुठे कुठे चिकटतात?" मग दिसलं की कडेवर चिकटतच नाहीत, आतल्या मोठ्या कर्णावर चिकटतात. वाचताना हे वाक्य मी कितीदा पार केलं असेल.

लॉगही रोज चाललेत. कालचं एक गणित देते, पहिल्यांदाच मी टेबल न चुकता वाचलं.

फर्स्ट ऑर्डर रिअ‍ॅक्शन, ४० मिनिटांत ३० टक्के विघटन, हाफ लाइफ (निम्मं संपायला लागणारा वेळ) काढा. के, म्हणजे वेगाचा स्थिरांक, २.३०३ भागिले ४०, गुणिले १०० भागिले ३० चा लॉग. लॉग १०० म्हणजे २, लॉग ३० म्हणजे १.४७७१, वजाबाकी ०.५२२९. के आला ०.०३०१ प्रति मिनिट. हाफ लाइफ म्हणजे ०.६९३ भागिले ०.०३०१, उत्तर २३ मिनिटं. चौघांचं उत्तर जुळलं. चौघांचं जुळण्याची ही पहिलीच वेळ!

मित्र येतोय. चिमूरकर दादांचं लिहिलेलं मी त्याला पाठवलं. काही बोलला नाही, पण काल त्याच्या वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने दिसले.

अमरावती रोडची

जुळलं हे छान, पण उत्तराकडे सरांनी सांगितलं तसं बघितलंत का? मी सांगत नाही. गटातल्या कोणीतरी सांगावं.

मनसर

मी तो मित्र. आजच खातं काढलं.

उत्तर चूक आहे. चौघांचं जुळलं तेव्हा माझं वेगळं होतं, म्हणून मी बोललो नाही. वाटलं माझंच चुकलं असेल. रात्री खोलीवर परत केलं.

३० टक्के संपायला ४० मिनिटं लागून राहिली, तर ५० टक्के २३ मिनिटांत कसे संपतील? ४० पेक्षा जास्तच लागले पाहिजेत. चूक इथे झाली की ३० हे संपलेलं आहे, सूत्रात उरलेलं घ्यायचं असतं. उरलेलं ७०. लॉग १०० म्हणजे २, लॉग ७० म्हणजे १.८४५१, वजाबाकी ०.१५४९. २.३०३ भागिले ४० म्हणजे ०.०५७६. गुणाकार ०.००८९२. ०.६९३ ला त्याने भागलं की ७७.७ मिनिटं.

टेबल सगळ्यांनी बरोबरच वाचलं होतं.

आणि सरांच्या प्रश्नाचं. परमँगनेटमध्ये मँगनीजचं डी रिकामं, म्हणून डी-डी उडी नाही. पण भोवतीच्या ऑक्सिजनवरचा इलेक्ट्रॉन मँगनीजवर जातो, त्याला चार्ज ट्रान्सफर म्हणतात, रंग त्याचा. हे मी पुस्तकात मुद्दाम शोधलं, कारण माझे बाबा मनसरच्या मँगनीज खाणीत आहेत. लहानपणापासून तो काळा दगड पाहतो, हातात घेतला तर वाटतो त्यापेक्षा जड लागतो. त्याचं जांभळं काहून होतं, हे मला आधी कोणी विचारलं नव्हतं. मँगनीज डायऑक्साइड पोटॅशियम हायड्रॉक्साइडबरोबर हवेत वितळवलं की आधी हिरवं मँगनेट होतं, त्याचं पुढे ऑक्सिडेशन झालं की जांभळं परमँगनेट.

काही चुकलं असेल तर सांगा.

निवृत्त खडू

काही चुकलेलं नाही. आता पुढचा 'का' तुझ्यासाठी. मँगनीजच्या अधिक दोनच्या आयनात सुट्टे इलेक्ट्रॉन पाच, मॅग्नेटिक मोमेंट ५.९२ बोर मॅग्नेटॉन. हा आकडा सूत्रातून काढून दाखव, आणि त्याच्या सॉल्टचा रंग फिकट गुलाबी का, इतका फिकट का, तेही शोध.

मोलॅरिटी

७७.७. आम्ही चौघांनी आत्ता परत केलं. चौघांनीही १०० खाली ३० लिहिलं होतं, कारण पहिल्यांदा मी मोठ्याने तसं म्हटलं आणि बाकीच्यांनी माझं ऐकून लिहिलं. उद्यापासून गणित आधी प्रत्येकाने आपापल्या वहीत सोडवायचं, पाचही वह्या बंद झाल्यावरच उत्तर बोलायचं.

मनसर, तू त्याच वेळी का नाही बोललास ते विचारत नाही. उद्या ट्रान्झिशन एलिमेंट्स आहे. चिठ्ठी काढत नाही, तू सांग. मराठीत सांग.

मनसर

उद्या नाही जमणार, शनिवार आहे, घरी चाललो. रविवारी दुपारच्या एसटीने परत येतो, सहापर्यंत पोचतो. ५.९२ काढला सर, पाच गुणिले सात पस्तीस, पस्तीसचं वर्गमूळ. रंगाचं अजून शोधतोय.

येताना घरच्या खिडकीतला मँगनीजचा खडा आणतो. बाकीच्यांनी पाहिला नसेल.

मोलॅरिटी

आण. आई म्हणाली, रविवारी जेवूनच जायचं.